ऑपरेशन झाले, तरी चौदा दिवस

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, पेशंटला वेळेत हॉस्पिटलात पोचवले, ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन "ऑपरेशन चांगलं झालं" असे सांगितले, की आपल्याकडे नातेवाइकांचा निम्मा गोतावळा परतीच्या बसला लागतो. गावाकडे फोन जातात, बोललेले नवस आठवतात, "आता फक्त विश्रांती" असे एकमेकांना सांगितले जाते. हाडाच्या किंवा अपेंडिक्सच्या ऑपरेशनला हे चालते. या आजारात चालत नाही. यातला दुसरा धोका ऑपरेशननंतर, साधारण चौथ्या दिवसापासून सुरू होतो आणि चौदाव्या दिवसापर्यंत दबा धरून असतो. त्या धोक्याबद्दल आणि त्यावर काय उपचार होतात याबद्दल आज लिहायचे आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवते, वैद्यक हा माझा प्रांत नाही. पण २०२२ च्या डिसेंबरात माझ्या थोरल्या चुलत बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या आजारपणात आयसीयूच्या बाहेर बाकावर बरेच दिवस काढले. डॉक्टरांना विचारून, आणि नंतर मिळेल ते वाचून, जे समजले ते आपल्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. औषधाचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

आधी मूळ आजार समजून घेऊ. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक कडे असते. १६६४ मध्ये त्याचे नीट वर्णन करणाऱ्या थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांचे नाव त्या कड्याला मिळाले आहे. या कड्याला जिथे फांद्या फुटतात, तिथे काही माणसांत भिंत कमकुवत होऊन बाहेर फुगते. सायकलचा टायर फाटला की आतली ट्यूब फुगून बाहेर डोकावते ना, तसेच. या फुग्याला अॅन्युरिझम म्हणतात. बहुतेकांना तो असल्याचा पत्ताही नसतो. तो फुटला, की मेंदूवरच्या पातळ आवरणाखाली जे पाणी असते त्यात रक्त पसरते. डोक्यात वीज कोसळावी तशी एका क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी, उलटी, मान ताठणे, कधी शुद्ध हरपणे, ही त्याची लक्षणे. अक्का शहापुरातल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला साडी दाखवत होती. "डोक्यात कुणी हातोडा हाणला" एवढे म्हणाली आणि गादीवरच आडवी झाली. अशी डोकेदुखी पित्ताची समजून आल्याचा काढा देत बसू नये, एवढे इथेच सांगून ठेवते.

फुटलेला फुगा पुन्हा फुटू नये म्हणून तो बंद करावा लागतो. पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असते. बंद करण्याचे मार्ग मुख्यतः दोन. कवटी उघडून फुग्याच्या मानेला बारीक चिमटा लावायचा, जे वॉल्टर डँडी यांनी अमेरिकेत १९३७ मध्ये पहिल्यांदा केले. किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे भरायचे. ही रीत गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी लॉस एंजेलिसला १९९० च्या सुमारास आणली. अक्काला चिमटा लावला. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झाले आणि खरोखरच चांगले झाले. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, चहा मागितला, आणि दुकानाच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते भावोजींना विचारले.

भोक बुजले, पण सांडलेले रक्त कुठे गेले? ते तिथेच असते. गोठून रक्तवाहिन्यांना बाहेरून लपेटून बसलेले असते. ऑपरेशनमध्ये जमेल तेवढे धुतले जाते, सगळे निघत नाही. हळूहळू त्यातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. पेशी फुटल्या, की त्यांच्यातले हिमोग्लोबिन मोकळे होते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंना डिवचते. शिवाय, रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू ते शोषून घेते, आणि तिला आवळणारे एंडोथेलिन नावाचे द्रव्य वाढते. परिणामी रक्तवाहिनी आखडते. पायाला पेटका यावा तशी, फक्त हा पेटका मिनिटाभराचा नसून काही दिवसांचा असतो. डॉक्टर याला व्हॅसोस्पाझम म्हणतात.

चौथ्या दिवसाचे कोडे इथे सुटते. पेशी फुटायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून सुरुवात उशिरा. सातव्या ते दहाव्या दिवशी आखडणे सर्वांत जास्त असते आणि दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. दिवस रक्तस्रावापासून मोजायचे, ऑपरेशनपासून नव्हे. स्कॅनमध्ये सांडलेल्या रक्ताचा थर जितका जाड, तितका धोका जास्त. हे मिलर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले आणि त्यांच्या नावाची मोजपट्टी आजही वापरतात. म्हणूनच बहुधा, अक्का बरी दिसत असतानाही डॉक्टर "अजून आठ दिवस काही सांगू शकत नाही" असे म्हणत होते. आमच्या लोकांना ते अंग काढून घेणे वाटे.

फोटो काढला तर अशा पेशंटांपैकी निम्म्याहून अधिकांत रक्तवाहिन्या कमी-जास्त आखडलेल्या दिसतात. त्रास मात्र साधारण चौघांपैकी एकाला होतो. ज्यांना होतो, त्यांच्या मेंदूच्या त्या भागाला रक्त अपुरे पडते आणि वेळीच सावरले नाही तर तो भाग मरतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी असते जेमतेम तीन मिलिमीटरची. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे गणित असे, की व्यास निम्मा झाला तर त्याच दाबाने प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. शरीर बरीच तडजोड करते म्हणून प्रत्यक्षात इतके टोक गाठले जात नाही. तरी "थोडीशी आखडली" या शब्दांत किती भरलेले असते ते यावरून कळावे.

डॉक्टरांनाही हे समजायला वेळ लागला. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दिसू लागल्या त्याच १९२७ मध्ये, लिस्बनच्या एगास मोनिझ यांच्यामुळे. फुगा फुटल्यानंतर त्या आखडतात हे अमेरिकेतल्या सिरॅक्यूजच्या एकर आणि रीमेनश्नायडर यांनी १९५१ मध्ये फोटोनिशी मांडले. पुढे कित्येक वर्षे सर्जन या आखडण्याच्या भीतीने ऑपरेशनच दोन आठवडे पुढे ढकलत. त्या प्रतीक्षेत अनेकांचा फुगा पुन्हा फुटे. आता आधी फुगा बंद करतात आणि आखडण्याशी नंतर झुंजतात.

सुनेचा कान

सातव्या दिवशीची गोष्ट. आमच्या अक्काची सून गोकाककडची, माहेर पूर्ण कानडी. घरात मुलगा, भावोजी, आम्ही सगळे मराठी बोलतो, पण सासू-सुनेचे बोलणे पहिल्या दिवसापासून कानडीत. दुकानामुळे अक्काची कानडी इतकी सफाईची, की गिऱ्हाइकांना ती मराठी आहे हे सांगावे लागे. त्या संध्याकाळी सून आत गेली आणि विचारले, "अत्ती, नीर बेकेन्री?" एरवी "हां, कोडव्वा" असे उत्तर यायचे. त्या दिवशी अक्का पेल्याकडे बघत राहिली आणि मराठीत म्हणाली, "ते... ते दे. किल्ली दे."

सून बाहेर आली ती घाबरूनच. सिस्टरने नुकतेच तपासले होते. "निम्म हेसर एन्री?" विचारल्यावर अक्काने नाव बरोबर सांगितले होते, हात दाबला होता, डोळे उघडे होते. सिस्टरचे काही चुकले नव्हते, कागदावर सगळे ठीक होते. अक्काच्या मुलाला वाटले, आईला झोप नाही, म्हणून बरळते आहे. सून एकच गोष्ट म्हणत राहिली: "अत्ती माझ्याशी मराठीत कधी बोलत नाहीत." तिने ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावणे पाठवले आणि ते येईपर्यंत दारातून हलली नाही.

ते हुबळीचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी पेन दाखवले, घड्याळ दाखवले, दोन्ही भाषांत नावे विचारली. घड्याळाला अक्का "बांगडी" म्हणाली. दोन्ही हात समोर धरायला लावले, तर उजवा हात सावकाश खाली उतरत गेला. बोलण्याचे केंद्र बहुतेकांत मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि उजवा हातही डावी बाजूच चालवते. तिथून पुढे धावपळ.

अशा वेळी प्रत्येक गोंधळ आखडण्यामुळेच असतो असे नाही. मेंदूत पाणी साचणे, रक्तातले सोडियम घसरणे, फिट येऊन जाणे, ताप, यांनीही माणूस असाच गोंधळतो. म्हणून आधी साधा स्कॅन झाला, रक्त तपासले, मग रक्तवाहिन्यांचा स्कॅन. डाव्या बाजूची मधली रक्तवाहिनी दोऱ्यासारखी बारीक झाली होती. तोपर्यंत रोज सकाळी एक डॉक्टर अक्काच्या कानशिलावर छोटे यंत्र टेकवून काहीतरी ऐकत असत, त्याचाही अर्थ तेव्हा समजला. ही डॉप्लरची तपासणी रूने आस्लिड यांनी १९८२ मध्ये आणली. पाण्याच्या पाइपचे तोंड बोटाने दाबले की धार जोरात उडते, तसे रक्तवाहिनी आखडली की तिथल्या रक्ताचा वेग वाढतो. मधल्या रक्तवाहिनीत सरासरी वेग सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या पुढे गेला की संशय घ्यायचा, २०० च्या पुढे गेला की आखडणे तीव्र समजायचे. अक्काचा आकडा आदल्या दिवसापासून चढू लागला होता. म्हणजे यंत्र आणि सून एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते.

उपचार

पहिल्या दिवसापासून चालू असते ती निमोडिपिनची गोळी. ६० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, २१ दिवस. ब्रिटनमध्ये ५५४ पेशंटांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी न मिळालेल्यांत मेंदूचा भाग मरण्याचे प्रमाण ३३ टक्के होते, मिळालेल्यांत २२ टक्के. या आजारात इतका भक्कम पुरावा असलेले दुसरे औषध अजून नाही. गंमत अशी, की ही गोळी घेतल्यावर फोटोत मोठ्या रक्तवाहिन्या काही फारशा रुंद झालेल्या दिसत नाहीत, तरी माणसे वाचतात. बहुधा ती बारीक रक्तवाहिन्यांना आणि मेंदूच्या पेशींना सांभाळत असावी, असे मानतात.

उलटा प्रकारही घडला आहे. क्लॅझोसेंटान नावाचे औषध एंडोथेलिनला अडवते. फोटोत रक्तवाहिन्या खरोखर मोकळ्या दिसल्या, सगळ्यांच्या आशा वाढल्या, पण २०११ च्या मोठ्या चाचणीत पेशंटांच्या अंतिम प्रकृतीत फरक पडला नाही. जपानमध्ये २०२२ मध्ये त्याला परवानगी मिळाली, इतरत्र शंका कायम आहे. मॅग्नेशियम आणि कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्याही मोठ्या चाचण्यांत निरुपयोगी ठरल्या. यावरून डॉक्टर आता असे म्हणतात, की दोष एकट्या आखडण्याचा नाही. बारीक गुठळ्या, मेंदूच्या पृष्ठभागावर पसरत जाणाऱ्या विजेच्या लाटा, सूज, असे बरेच काही मिळून ते नुकसान होते.

दुसरा उपचार नातेवाइकांना सर्वांत जास्त चक्रावून टाकतो. तो म्हणजे बीपी वाढवणे. ऑपरेशनपूर्वी "बीपी वाढू देऊ नका" असे बजावलेले असते, कारण फुगा उघडा असतो. तो बंद झाला आणि रक्तवाहिनी आखडली, की तेच डॉक्टर औषध लावून बीपी चढवतात, म्हणजे अरुंद वाटेतून का होईना रक्त पुढे ढकलले जावे. भावोजी मॉनिटरवर १८० चा आकडा बघून ओरडायच्या बेतात होते. पूर्वी याच्या जोडीला भरपूर सलाईन देऊन रक्ताचे प्रमाण वाढवत आणि ते पातळही करत. त्यात फुप्फुसांत पाणी भरणे, हृदयावर ताण येणे असे प्रकार होऊ लागल्याने आता शरीरातले पाणी नेमके राखण्यावर भर असतो, ना कमी ना जादा. आणि लक्षणे नसताना आधीपासूनच बीपी चढवून ठेवणे अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत हानिकारक ठरवले आहे.

बीपी वाढवल्यावर तासाभरात अक्का पेल्याला पेला म्हणाली. पहाटे पुन्हा बोलणे अडखळले. मग तिसरा मार्ग: मांडीतून किंवा मनगटातून नळी थेट मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची आणि आखडलेल्या जागी औषध सोडायचे, नाहीतर चिमुकला फुगा फुगवून ती ताणून मोकळी करायची. फुग्याने घालवलेले आखडणे सहसा परत येत नाही, पण तो मोठ्या रक्तवाहिन्यांतच नेता येतो आणि क्वचित भिंत फाटण्याचा धोका असतो. ही रीत लेनिनग्राडच्या झुबकोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. औषध सोडणे त्या मानाने सौम्य, पण परिणाम काही तासांचाच, म्हणून पुन्हा करावे लागू शकते. अक्काला दोनदा औषध सोडले, फुग्याची वेळ आली नाही. एकोणिसाव्या दिवशी ती घरी आली. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला नखाएवढा डाग राहिला आहे. उजव्या हाताची दोन बोटे जरा जड आहेत, आणि दिवसभर दुकानात बसून थकली की संध्याकाळी कानडी शब्द उशिरा येतात, मराठी येतात. सून आता वाट बघते, शब्द पुरवत नाही. तसे करायला स्पीच थेरपिस्टने सांगितले आहे.

दोन भाषांच्या माणसाची एक भाषा आधी का अडखळते, यावर फ्रान्समध्ये १८८० नंतरच वाद सुरू झाला होता. रिबो म्हणत, लहानपणी शिकलेली भाषा टिकते. पित्र यांनी १८९५ मध्ये म्हटले, रोजच्या सवयीची आधी परत येते. प्रत्यक्षात दोन्ही तऱ्हा दिसतात, आणि बऱ्याच पेशंटांत दोन्ही भाषा बरोबरच पडतात, बरोबरच उठतात. भाषेचा अभ्यास करणाऱ्या मला हे वाचायला फार आवडले. पण आयसीयूत त्याचा उपयोग निराळाच. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांच्या १९७४ च्या मोजपट्टीवर पेशंटची शुद्ध १५ पैकी गुणांनी मोजतात. त्यातले पाच गुण बोलण्याचे, आणि बोलणे तपासायचे तर कोणत्या भाषेत हा प्रश्न आलाच. आपल्या भागात सिस्टर मंगळूरची किंवा केरळची, डॉक्टर हुबळीचे, पेशंट खानापूरचा. पेशंट गप्प बसला तर "याला कानडी येत नसेल" असे समजले जाते, किंवा उलट. ज्याला दोन्ही येतात त्याचे गप्प बसणे हे लक्षण आहे, हे घरच्यांखेरीज कोण सांगणार?

म्हणून पेशंट दाखल केल्या दिवशीच सिस्टरला एका चिठ्ठीवर लिहून द्यावे: घरात कोणती भाषा, बाहेर कोणती, कुणाशी कोणती बोलतात, वाचता-लिहिता कोणती येते, डावखुरे आहेत का, ऐकू कमी येते का. भेटीच्या वेळेत रोज एकाच माणसाने जावे, म्हणजे कालचे आणि आजचे बोलणे ताडून बघता येते. नाव आणि गाव विचारून थांबू नये, कारण ते पाठ असते. सकाळी काय खाल्ले, धाकटा नातू कितवीत आहे, असे साधे काहीतरी विचारावे, पण पेशंटला दमवू नये. शब्द चुकणे, तोंड एका बाजूला ओढणे, एक हात मागे राहणे, नेहमीपेक्षा जास्त झोप, यांपैकी काहीही नवे दिसले तर लगेच सांगावे. "उद्या राउंडला विचारू" म्हणू नये.

राहिली गोळी. हिशेब करून बघा: ३० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून सहा वेळा, म्हणजे रोज बारा, २१ दिवसांच्या २५२. रात्री दोनची आणि पहाटे सहाचीही त्यात आली. हॉस्पिटलात सिस्टर उठवून देते, घरी "बिचारीला झोपू दे" म्हणून नेमकी तीच चुकते. गोळीने बीपी फार उतरले तर डॉक्टर कधी निम्मी मात्रा दर दोन तासांनी देतात, पण तो बदल त्यांनीच करायचा. चौदाव्या दिवशी घरी सोडले, तर सात दिवसांच्या ८४ गोळ्या उरतात. तालुक्याच्या औषध दुकानात ही गोळी हमखास मिळेलच असे नाही, तेव्हा गाडी हॉस्पिटलच्या आवारातून निघण्यापूर्वीच पूर्ण ८४ मोजून घ्याव्यात आणि मोबाइलवर चार-चार तासांचे गजर लावावेत.